जामीनदार नसलेलं झाड

बँकेत स्वेच्छेने करायच्या कामाचंही परिपत्रक निघतं. ते बहुधा शुक्रवारी संध्याकाळी येतं, कॅश टॅली होत नसते तेव्हा. ‘शाखेने दत्तक घेतलेल्या शाळेत येत्या रविवारी श्रमदान व वृक्षारोपण आयोजित केले असून सर्व कर्मचाऱ्यांनी स्वयंस्फूर्तीने उपस्थित राहावे. अनुपस्थितांनी लेखी खुलासा सादर करावा.’ शाखाधिकारी ते मोठ्याने वाचून दाखवतात. हेड कॅशियर नोटा मोजता मोजता विचारतो, ‘साहेब, बदली रजा मिळेल का?’

‘अहो, समाजसेवा आहे ही!’

‘मग अर्ध्या दिवसाची द्या.’

समाजसेवेचा गणवेश मुख्य कार्यालयातून येतो. छातीवर बँकेचं बोधचिन्ह, पाठीवर हिरव्या अक्षरांत पृथ्वी वाचवण्याचा निर्धार, आणि माप सरसकट डबल एक्सएल. ग्रामीण शाखेतला माणूस अंगाने कसा असतो याबद्दल मुंबईत काहीतरी भव्य कल्पना असावी. आमच्या त्या सडपातळ हेड कॅशियरचा टी-शर्ट गुडघ्याला टेकतो. शाखाधिकाऱ्यांना मात्र तोच पोटावर ताणून बसतो आणि पृथ्वी मागच्या बाजूने फाकते.

माझी उमेदीची सगळी वर्षं बँकेत गेली. निवृत्त होऊन गावी राहायला आलो. त्यामुळे पूर्वी मी सेवा करणाऱ्यांत मोडत असे, आता ज्याची सेवा होते त्या समाजात मोडतो. जागा बदलली की बऱ्याच गोष्टी नव्याने दिसतात.

बँकांना एवढी सेवा सुचते कशी, असं लोक विचारतात. पूर्वीही सुचायची, कुणा मोठ्या साहेबाच्या गावातल्या शाळेला पंखे जायचे, तालुक्याच्या वाचनालयाला कपाट जायचं. १ एप्रिल २०१४पासून ती कायद्याने सुचते. कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ सांगतं, की ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नफा ५ कोटी किंवा त्याहून अधिक असेल, तिने मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजासाठी खर्च करावेत. खासगी बँका यात येतात. स्टेट बँकेचा १९५५चा वेगळा कायदा आहे, राष्ट्रीयीकृत बँकांचे १९७० आणि १९८०चे आहेत; त्यांना हे कलम थेट लागत नाही. उलट देणग्यांना रिझर्व्ह बँकेने २००५ साली मर्यादा घातली, मागच्या वर्षीच्या नफ्याच्या १ टक्क्यापर्यंत. म्हणजे एका कायद्याचं म्हणणं, कमी का दिलंत? दुसऱ्या नियमाचं म्हणणं, जास्त का दिलंत? तोट्यातल्या बँकेलाही वर्षाला ५ लाखांपर्यंत देणगी देण्याची मुभा त्यात आहे, हे वाचून मला भरून आलं. घरात काही नसलं तरी दारात आलेल्याला रिकाम्या हाती पाठवू नये, हा आपला संस्कार मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेपर्यंत पोचलेला दिसतो.

कायदा करणाऱ्यांनी पळवाटांचाही विचार केलाय. स्वतःच्याच कर्मचाऱ्यांचं भलं केलं तर ते धरत नाहीत. राजकीय पक्षाला दिलेले पैसे धरत नाहीत. एका दिवसाची मॅरेथॉन आणि पुरस्कार सोहळाही धरत नाहीत. सर्वांत मार्मिक म्हणजे कर्मचाऱ्यांच्या घामाची तरतूद. कर्मचाऱ्यांना जरूर सामील करून घ्या, असं कंपनी व्यवहार मंत्रालय म्हणतं, पण त्यांच्या फुकट सेवेची रुपयांत किंमत लावून ती खर्चात दाखवू नका. क्लार्कने खणलेल्या खड्ड्याची किंमत हिशेबात शून्य. मला ही तरतूद फार आवडते, कारण मी ते खड्डे पाहिलेत.

आता तो रविवार. मार्चमधला. झाडं पावसाळ्याच्या तोंडाशी लावतात हे बँकेला माहीत नाही असं नाही. पीककर्ज वाटताना तिला नक्षत्रं पाठ असतात. पण बजेट ३१ मार्चला संपतं. २०२१पासून नियम आणखी कडक झाले. न वापरलेले पैसे चालू प्रकल्पाचे असतील तर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाका, नसतील तर ६ महिन्यांत सरकारी निधीत भरा. मग कुठल्या अधिकाऱ्याला वाटेल की आपल्या हातचं पुण्य दिल्लीला जावं? त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत बँकेला समाजाची आठवण जेमतेम असते आणि मार्चमध्ये तिचा ऊर दाटून येतो.

मार्चची आणखी एक अडचण आहे. तो वसुलीचा महिना. तीच जीप, तेच साहेब, तोच ड्रायव्हर. आठवडाभर जी गाडी थकबाकीदारांच्या दारात उभी होती, ती रविवारी सकाळी गावात शिरली आणि पारावरचे सगळे उठून शेताकडे निघाले. शाळेच्या मैदानावर मंडप, खुर्च्या, माइक, आणि समोर तिसरी-चौथीची मुलं तेवढी. शेवटी सरपंचांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, ‘ग्रामस्थहो, बँकेची माणसं वसुलीला आलेली नाहीत. झाडं लावायला आली आहेत. घाबरू नये.’ मग हळूहळू लोक आले. तरी दोघे-तिघे शेवटपर्यंत कुंपणाबाहेरच उभे होते.

खड्डे आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या मजुरांनी खणून ठेवले होते. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, बरं झालं, उन्हात जमीन फार टणक असते. ते म्हणाले, ‘नाही हो काका, मागच्या वर्षीचेच आहेत. माती अजून भुसभुशीत आहे.’ ट्री-गार्डही मागच्या वर्षीचेच होते, पण त्यांवर दुसऱ्या बँकेचं नाव होतं. शिपायाने त्यावर यंदाच्या बँकेच्या पट्ट्या सुतळीने बांधल्या. कर्जाच्या भाषेत याला टेकओव्हर म्हणतात. आधीच्या बँकेचं नो ड्यूज घ्यायचं तेवढं राहिलं.

क्षेत्रीय व्यवस्थापक अकराला यायचे ते साडेबाराला आले. तोवर रोपं उन्हात आणि मान्यवर सावलीत होते. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, स्वागत, परिचय, मनोगत. मग पहिल्या रोपाला नऊ जणांनी मिळून हात लावला. झारी एकाने धरली होती, बाकीच्या आठांनी तिला स्पर्श करून अनुमोदन दिलं. फोटो काढणारा म्हणत होता, ‘साहेब, थोडं खाली बघा, झाडाकडे.’ साहेब कॅमेऱ्याकडेच बघत होते. फोटोत झाड आलंय की नाही हे मी नंतर विचारलं. एक पान आलं होतं.

त्याच वेळी शाळेच्या भिंतीला रंग देण्याचं काम चालू होतं. पदवी, बँकिंगच्या परीक्षा, कर्जखात्यांचं गणित कोळून प्यालेली माणसं ब्रश हातात घेऊन भिंतीशी झटत होती. समोर पारावर गावचा रंगारी बसून बघत होता. त्याने शिडी आणि ब्रश घ्यायला याच शाखेतून मुद्रा योजनेचं शिशु कर्ज काढलंय. रविवारी बँकेने त्याचं काम फुकट करून टाकलं, आणि सोमवारी हप्ता का थकला म्हणून फोन केला. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी पदरचे पैसे देऊन त्यालाच बोलावलं, कारण बँकेने दिलेला हात पोपड्यांसकट सुटायला लागला होता. त्याने आधी सगळं खरवडून काढलं. खरवडण्याचे वेगळे घेतले.

एका अधिकाऱ्याने चौथीच्या वर्गाला आर्थिक साक्षरता शिकवली. ‘बाळांनो, रोज एक रुपया डब्यात टाकला तर वर्षाच्या शेवटी काय होईल?’ पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘आजी काढून घेईल.’ अधिकारी हसले, पण मला वाटतं तिला तरलतेची जोखीम त्यांच्यापेक्षा जास्त कळली होती. हे अधिकारी स्वतः घराचं, गाडीचं आणि लग्नाचं अशी तीन कर्जं फेडताहेत; चक्रवाढ व्याजावर ते फार तळमळीने बोलले.

मग चेक. देणगीचा चेक खरा नसतो, तो फ्लेक्सचा असतो. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, अक्षरी रुपये एकावन्न हजार फक्त. आयुष्यभर मी काउंटरवर लोकांचे चेक परत केले, कधी सही जुळत नाही म्हणून, कधी अक्षरी आणि आकडी रकमेत फरक म्हणून. हा एकच चेक असा, की तो वटत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि टाळ्या पडतात. खरे पैसे एनईएफटीने शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा झाले. ते खातं याच शाखेतलं. केवायसी अद्ययावत नाही म्हणून गोठवलेलं. अध्यक्ष बदलले होते, नव्या अध्यक्षांचा ठराव लागणार होता, ठरावावर मुख्याध्यापकांची सही लागणार होती, आणि मुख्याध्यापक निवडणुकीच्या कामावर गेले. बँकेने दिलेली देणगी बँकेतच सुरक्षित राहिली. फ्लेक्सचा चेक मात्र कामी आला. पोषण आहार शिजवायच्या खोलीचा पत्रा गळत होता, त्यावर तो उलटा घालून चार दगड ठेवले. एकावन्न हजारांतला तेवढा भाग लाभार्थ्यांपर्यंत विनाविलंब पोचला.

व्हरांड्यात आधीच्या कुठल्याशा वर्षीचा पाणी शुद्ध करायचा आरओ आहे. शेजारी संगमरवरी पाटी, यंत्राहून मोठी. शाळेचं वीजबिल थकलं की मीटर काढून नेतात, तेव्हा यंत्र बंद. वीज असते तेव्हा कँडल संपलेली. मी बँकेत सुचवून पाहिलं, की यंदा काही नवं देऊ नका, आहे त्याची कँडल बदला आणि वर्षाचं बिल भरा. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘मुद्दा बरोबर आहे तुमचा. पण कँडलची फीत कशी कापायची?’

इथे मला बँकेचा खरा स्वभाव दिसतो. बँकेचा जन्म दिलेला पैसा परत आणण्यासाठी झालाय. परत न येणारा पैसा समोर आला की तिला काय करावं कळत नाही. म्हशीसाठी कर्ज घेऊन बघा. कोटेशन, सात-बारा, दोन जामीनदार, पशुवैद्यकाचा दाखला, विमा, म्हशीच्या कानात बिल्ला. मग अधिकारी गोठ्यात येऊन म्हैस बघणार, बिल्ल्याचा नंबर वहीशी ताडून बघणार, तीच म्हैस आहे ना याची खात्री करणार. दुर्दैवाने म्हैस गेली तर बिल्ला हजर करा, नाहीतर विम्याचा दावा विसरा. या चौकशीमुळेच आपल्याकडच्या कर्जाच्या कित्येक म्हशी टिकल्या, हे मी अनुभवाने सांगतो. आणि झाड? त्याला ना जामीनदार, ना विमा, ना तपासणी. त्याची परतफेड म्हणजे सहा फोटो: आगमन, स्वागत, खड्डा, रोप, चेक आणि समूह. सगळे जिओटॅग केलेले, अक्षांश-रेखांश आणि वेळेसह. पाचव्या दशांश स्थळापर्यंत अचूक अशा त्या जागेवर पुन्हा कोणी जात नाही. फोटो आला की खातं बंद.

याची कल्पना कायद्यालाही आहे. ज्या कंपनीची समाजासाठी खर्च करायची जबाबदारी सरासरी १० कोटी किंवा त्याहून अधिक आहे, तिने १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचा परिणाम त्रयस्थाकडून तपासून घ्यायचा असतो. आमच्या गावची झाडं एक कोटीत बसत नाहीत. तेवढी झाडं लावली तर मैदान उरणार नाही.

त्या दिवशी खरी सेवा एकाच ठिकाणी झाली, आणि ती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. गुरुजी शाखाधिकाऱ्यांना दबक्या आवाजात सांगत होते, की काही मुलांची शिष्यवृत्ती अडकली आहे. कुणाचं खातं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय, कुणाचं आधारला जोडलेलं नाही, कुणाच्या नावात पासबुकावर एक वेलांटी आणि आधारवर दुसरी. आईबाप दोनदा मजुरी बुडवून शाखेत आले, दोनदा सर्व्हर डाउन होता. साहेब म्हणाले, ‘उद्या या.’ नव्यानेच लागलेल्या एक मॅडम हे ऐकत होत्या. त्यांनी ब्रश खाली ठेवला, कडुलिंबाखाली एक बाक ओढला आणि मुलांच्या आयांना रांगेत बसवलं. फॉर्म भरले, अंगठे घेतले, आधारच्या प्रती जोडल्या, वेलांट्या दुरुस्त करायचे अर्ज लिहून दिले. भाषण चालू होतं तेव्हाही लिहीत होत्या, फोटोसाठी बोलावलं तेव्हा म्हणाल्या, ‘सर, तुम्ही घ्या काढून.’ सोमवारी तो गठ्ठा घेऊन काउंटरला बसल्या आणि आठवडाभरात बहुतेक खाती सुरू केली. अहवालात रकाने होते: लावलेली रोपे, रंगवलेले चौरस फूट, उपस्थित कर्मचारी, वर्तमानपत्रातील कात्रणे. यात वेलांटी कुठे बसवायची? समूहफोटोत मॅडम नसल्यामुळे त्यांच्याकडून मात्र अनुपस्थितीचा खुलासा मागवला गेला.

सहकारी बँकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे सभासद मीही आहे आणि दिवाळीची डायरी मला हवी असते. महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकार कायद्यात नफ्यातला काही भाग धर्मादाय आणि सार्वजनिक कामासाठी बाजूला काढण्याची सोय आहे, म्हणजे कंपन्यांना कलम १३५ सुचायच्या किती तरी आधी. त्यातून दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव होतो. गुणगौरवाला गुणवंतांपेक्षा संचालक जास्त असतात. मुलाला मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळात अध्यक्षांचा हसरा चेहरा असतो. बारा वाजले की दोन्ही काटे नेमके त्यांच्या नाकावर येतात. तरी एक सांगितलं पाहिजे: या बँकांना आपल्या गावातल्या कुठल्या पोराची फी थकली आहे हे कळतं, आणि कळूनही काही केलं नाही तर वार्षिक सभेत कोणीतरी उठून विचारतं. खासगी बँकेच्या भागधारकाला आमच्या शाळेचं नावही ठाऊक नसतं.

दान आणि पाठपुरावा एकत्र नांदू शकत नाहीत, असंही नाही. १९८२ साली कर्नाटकात उजिरे इथे धर्मस्थळच्या न्यासाने सिंडिकेट आणि कॅनरा बँकेला सोबत घेऊन बेरोजगार तरुणांसाठी एक प्रशिक्षण संस्था काढली. तिच्याच धर्तीवर आज जिल्ह्याजिल्ह्यांत आरसेटी चालतात, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, आणि त्या बहुतेक ठिकाणी अग्रणी बँकेकडे असतात. शेळीपालन, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, राहणं-जेवणं-शिकणं फुकट. पण मला त्यातली आवडती गोष्ट वेगळीच आहे. प्रशिक्षण काही आठवड्यांचं आणि त्यानंतरचा पाठपुरावा दोन वर्षांचा. धंदा सुरू केलास का, नसेल तर का नाही, कर्ज मिळालं का, गिऱ्हाईक येतं का, हे विचारायला माणूस येतो. आमच्या गल्लीतली एक मुलगी तिथून शिवण शिकून आली. ती वैतागून म्हणते, ‘काका, एवढा पाठलाग तर सासूनेसुद्धा केला नसता.’ तिचं दुकान चालू आहे.

म्हणून माझी बँकांना विनंती आहे, की वृक्षारोपणाच्या फायली प्रचार विभागाकडून काढून वसुली विभागाकडे द्याव्यात. प्रत्येक रोपाचं खातं उघडावं. ज्या साहेबांचा फोटोत हात आहे, ते पहिले जामीनदार. दुसरे फोटो काढणारे. हप्ता म्हणजे दर आठवड्याला दोन घागरी पाणी. कर्जाचा हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं अनुत्पादक होतं. मार्चच्या झाडाला ९० दिवस फार होतील, पण सुरुवातीला तेवढी सवलत देऊ. कोणी म्हणेल झाड हे शेतीकर्जात मोडतं, तिथे पिकाच्या हंगामाप्रमाणे मुदत असते. ती मागणी फेटाळावी. जीप गावात यावी, ड्रायव्हरने हॉर्न वाजवावा आणि साहेबांनी खाली उतरून मुख्याध्यापकांना नेहमीच्या आवाजात विचारावं, ‘पाणी कधी भरताय?’ बदली झालेल्या शाखाधिकाऱ्याने चार्ज देताना तिजोरीच्या किल्ल्या, तारण सोन्याच्या पिशव्या आणि जिवंत झाडं मोजून द्यावीत, आणि कमी भरलेल्या झाडांची रक्कम त्याच्या पगारातून कापावी. पंधरवड्यात सगळं मैदान हिरवं दिसेल. मी बँकेची वसुली आतून पाहिली आहे. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

वाचकांनाही एक काम सांगतो. तुमच्या गावात, कॉलनीत, शाळेच्या आवारात बँकेचं नाव असलेलं ट्री-गार्ड असेलच. मे महिन्यात एकदा त्यात डोकावून बघा. आत झाड नसेल तर शाखेत जा आणि हे खातं कोणाच्या नावावर आहे एवढंच शांतपणे विचारा. टोकन घ्यावं लागेल.